पन्नास ते चारशे : रोहित्राचा आकाशप्रवास

मेळघाटात सेमाडोहला विज्ञान शिक्षकांचे एक निवासी शिबिर होते. रात्रीची जेवणे झाली होती. सिपना नदीच्या बाजूला गच्च काळोख होता आणि बऱ्याच उंचीवरून एका विमानाचे लुकलुकणारे दिवे सरकत होते. अचलपूरकडच्या एका गुरुजींनी वर पाहतच विचारले, "सर, आमच्या गावची डीपी जळाली का न्यायला ट्रॅक्टर लागते, चार-पाच गडी लागतात. या विमानात म्हणे आमच्या गावाहून जास्त वीज लागते. मग एवढं वझं घेऊन ते उडते कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. खेड्यातल्या १०० केव्हीएच्या, तेलाने भरलेल्या रोहित्राचे वजन साधारण चार-पाच क्विंटल भरते. बोइंग ७८७ या विमानाच्या दोन मुख्य इंजिनांवर मिळून प्रत्येकी २५० केव्हीएची चार आणि शेपटीतल्या साहाय्यक इंजिनावर प्रत्येकी २२५ केव्हीएची दोन जनित्रे असतात. बेरीज होते १४५० केव्हीए, म्हणजे चौदा-पंधरा डीप्यांची वीज. गावच्या हिशेबाने रोहित्रे चढवली तर त्यांचेच वजन सहा-सात टन होईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, याचे कारण रोहित्राच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाचा नायक कोणी शास्त्रज्ञ नसून एक आकडा आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्झ अशी दिलेली असते. विद्यार्थी तो आकडा प्रकाशाच्या वेगासारखा, निसर्गाने ठरवून दिलेला मानतात. तो माणसांनी ठरवलेला आकडा आहे, आणि ठरवताना पुष्कळ ओढाताण झालेली आहे.

मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले. ते कडे हेच पहिले रोहित्र. पण त्यातून काही व्यवहार्य निघायला अर्धशतक जावे लागले. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपेर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघांनी बंद गाभ्याचे रोहित्र तयार केले आणि मार्च १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्लेने अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन या गावी रोहित्रांच्या साहाय्याने दुकाने उजळून दाखवली. वेस्टिंगहाऊस कंपनीच्या सुरुवातीच्या यंत्रणेची वारंवारता होती सेकंदाला १३३ आणि एक तृतीयांश आवर्तने. दिव्यांसाठी ती उत्तम होती. मोटारी आल्यावर मात्र ती फार जास्त ठरू लागली. मग नायगारा धबधब्यावर १८९५ मध्ये २५, कुठे ४०, कुठे ६० असे करत युरोप ५० वर आणि अमेरिका ६० वर स्थिरावली. आपण ५० घेतले. दिवा लुकलुकू नये म्हणून वारंवारता वाढवावी, लांब तारांमधील दाबाची घट टाळावी म्हणून ती कमी ठेवावी, अशी ही तडजोड होती. रोहित्राच्या वजनाचा विचार त्यात फारसा नव्हता. डीपी खांबावर बसायची होती. तिला कुठे उडायचे होते?

आता वजन आणि वारंवारता यांचा संबंध पाहू या. जुन्या विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. माळेतील प्रत्येक गाडगे थोडे पाणी आणते. रहाट आठपट वेगाने फिरवला तर तेवढेच पाणी आणायला आठवा हिस्सा मापाची गाडगी पुरतील. रोहित्राचा लोखंडी गाभा म्हणजे हे गाडगे. प्रत्येक आवर्तनात तो चुंबकीय अभिवाहाचे एक माप एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे पोहोचवतो.

हेच सूत्रात असे मांडतात : वेटोळ्यातील व्होल्ट म्हणजे ४.४४ गुणिले वारंवारता, गुणिले वेढ्यांची संख्या, गुणिले अभिवाह घनता, गुणिले गाभ्याचे क्षेत्रफळ. समजा गाभ्याचा छेद १० चौरस सेंटिमीटर आहे आणि अभिवाह घनता १.२ टेस्ला आहे. ५० हर्ट्झला एका वेढ्यामागे सुमारे ०.२७ व्होल्ट मिळतो. ११५ व्होल्टसाठी ४३२ वेढे लागतील. ४०० हर्ट्झला त्याच गाभ्यावर वेढ्यामागे २.१३ व्होल्ट मिळतात; ५४ वेढे पुरतात.

मग वजन आठपट कमी होते का? नाही, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे करून पाहण्यासारखे आहे. रोहित्राची क्षमता गाभ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि तांब्याची तार बसते त्या खिडकीचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वारंवारता आठपट झाली की हा गुणाकार आठवा हिस्सा चालतो. पण दोन क्षेत्रफळांचा गुणाकार म्हणजे लांबीचा चौथा घात. तेव्हा प्रत्येक लांबी ८ च्या चतुर्थमूळाने, म्हणजे १.६८ पटीने कमी होईल आणि घनफळ १.६८ च्या घनाने, सुमारे पावणेपाच पटीने. चार-पाच क्विंटलचे एक क्विंटल झाले. तेलाची टाकी काढून टाकली आणि तारेतून दुप्पट-तिप्पट प्रवाह जाऊ दिला की ते आणखी खाली येते.

हे गणित माहीत असूनही विमानांनी ते वापरायला उशीर केला, कारण आधी त्यांना विजेची गरजच नव्हती. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून. त्या छोट्या विमानात रोहित्र नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. इंजिनाची ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमध्ये एकाच गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. फिरत्या चुंबकामुळे पहिल्या वेटोळ्यात वाहणारा प्रवाह नेमक्या क्षणी तोडला की दुसऱ्यात हजारो व्होल्ट उपजतात. विमानातले सर्वांत जुने रोहित्र हेच, आणि पिस्टन इंजिनाच्या शिकाऊ विमानांत ते अजूनही आहे.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती पालटली. बॉम्बफेकी विमानांत रेडिओ, रडार, तोफांचे फिरते मनोरे, इंधनाचे पंप अशी विजेची मागणी एकाएकी वाढली. यंत्रणा होती २८ व्होल्ट एकदिश प्रवाहाची. ९ किलोवॉट वीज २८ व्होल्टला न्यायची तर ३२० अँपिअर प्रवाह लागतो आणि त्यासाठी मनगटाएवढ्या तारांचे जुडगे शेपटीपर्यंत न्यावे लागते. तीच वीज २०० व्होल्ट त्रिकला पद्धतीने नेली तर प्रत्येक तारेत २६ अँपिअर पुरतात.

पण खरी अडचण निराळ्याच जागी निघाली. विमाने आठ-नऊ किलोमीटर उंचीवर जाऊ लागली तेव्हा एकदिश जनित्रांतील कार्बनचे ब्रश काही तासांतच झिजून संपू लागले. जमिनीवर जे ब्रश शेकडो तास टिकत, त्यांची वर काळी भुकटी होत असे. ग्रॅफाइट निसरडे असते हे आपण शाळेत शिकवतो, पेन्सिलीचे उदाहरण देतो. ते अर्धसत्य आहे. ग्रॅफाइटच्या थरांवर पाण्याच्या वाफेचे बारीक आवरण असते, त्यामुळे ते निसरडे राहते. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत ते आवरण टिकत नाही आणि ब्रश कानशीसारखा घासू लागतो. शत्रूच्या प्रदेशावर, शून्याखाली चाळीस-पन्नास अंशांत, जनित्र बंद पडणे म्हणजे विमानातील दहा माणसांचा जीव टांगणीला लागणे. ब्रशमध्ये निरनिराळी रसायने मुरवून तात्पुरता उपाय निघाला. अभियंत्यांनी धडा मात्र घेतला : कम्युटेटर नको, प्रत्यावर्ती वीज हवी. आणि प्रत्यावर्ती वीज घ्यायचीच तर पन्नास-साठला चिकटून राहण्याचे काय कारण?

मग ४०० च का, ८०० किंवा २००० का नाही? दोन ध्रुवांची मोटार ४०० हर्ट्झवर मिनिटाला जास्तीत जास्त २४,००० फेरे घेते. दिशादर्शक घूर्णी, म्हणजे जायरोस्कोप, चालवायला हा वेग छान आहे. चार ध्रुवांचे जनित्र १२,००० फेऱ्यांना, सहा ध्रुवांचे ८,००० फेऱ्यांना ४०० हर्ट्झ देते. धारव्यांना हे वेग झेपतात. त्यापुढे गेले की लांब तारांमध्येच व्होल्ट गळू लागतात आणि गाभा तापू लागतो. ही पुन्हा तडजोडच झाली, फक्त तराजूच्या एका पारड्यात आता वजन आले होते.

एक प्रश्न उरला. विमानाचे इंजिन कधी संथ, कधी भरधाव चालते, मग वारंवारता ४०० वर कशी टिकायची? इंजिन आणि जनित्र यांच्यामध्ये तेलाच्या दाबावर चालणारा एक पंप व एक मोटार बसवतात. इंजिन मंदावले की ही जोडी वेगात भर घालते, वाढले की वजा करते. ८ ऑगस्ट १९४६ रोजी पहिले उड्डाण करणाऱ्या कॉन्व्हेअर बी-३६ या अजस्र विमानात अशी स्थिरवेग जोडणी वापरली गेली. ११५/२०० व्होल्ट, ४०० हर्ट्झ हे त्यानंतर मोठ्या विमानांचे प्रमाण झाले. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने १९६० पासून मुंबईला येऊ लागली ती हीच वीज घेऊन. जमिनीवर उभ्या विमानाला बाहेरून वीज द्यायची तर विमानतळाला ५० चे ४०० करावे लागतात. जुनी रीत सोपी होती : १५०० फेऱ्यांच्या मोटारीने ३२ ध्रुवांचे जनित्र फिरवायचे. गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे.

रहाट आठपट वेगाने फिरवण्याची किंमत द्यावीच लागते. चार्ल्स स्टाइनमेट्झ या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या गणिती अभियंत्याने १८९२ च्या सुमारास गाभ्यातील नुकसानीचे नियम बसवले. लोखंडाला एकदा इकडे, एकदा तिकडे चुंबकित करताना जी ऊर्जा वाया जाते ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आठपट. शिवाय गाभ्यातच फिरणारे भोवरा प्रवाह असतात, त्यांचे नुकसान वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे चौसष्टपट. यावर उपाय पत्रे पातळ करण्याचा, कारण भोवरा प्रवाहाचे नुकसान जाडीच्याही वर्गावर अवलंबून असते. जमिनीवरच्या रोहित्रात ०.३५ मिलिमीटरचा सिलिकॉन पोलादाचा पत्रा असेल तर विमानात ०.१ मिलिमीटरचा घेतात, दाढीच्या ब्लेडएवढा. त्याने नुकसान बारापट घटते, म्हणजे किलोमागे चौसष्टपटीऐवजी पाचपट उरते. आणि गाभ्याचे वजन पावणेपाच पटीने कमी झालेलेच आहे. तेव्हा भोवरा प्रवाहांची एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहिली.

पण उष्णता तेवढीच आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग जवळजवळ तिपटीने कमी. बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एक चतुर्थांश, त्यामुळे हवाही फारशी मदत करत नाही. म्हणून विमानातले रोहित्र तापणारच असे धरून चालतात आणि डीपीतला कागद व तेल सोडून १८० अंश किंवा त्याहून अधिक तापमान सोसणारे निरोधक वापरतात. वेटोळी निर्वातात वॉर्निशमध्ये मुरवतात, जेणेकरून कंपनांनी वेढे एकमेकांवर घासू नयेत. माझ्या मते रोहित्राच्या अभिकल्पात सूत्रे लिहिणे हा सोपा भाग आहे. उष्णतेला वाट काढून देणे हाच खरा अभ्यास.

लोह आणि कोबाल्ट निम्मे-निम्मे, त्यात दोन टक्के व्हॅनेडियम, अशी एक मिश्रधातू आहे. सिलिकॉन पोलाद सुमारे २ टेस्लाला संपृक्त होते, ही २.३ च्या पुढे जाते. गाडगे तेवढेच, पाणी जास्त. कोबाल्ट महाग असल्याने गावच्या डीपीत ती वापरणे परवडायचे नाही. विमानात वाचलेला प्रत्येक किलो हजारो उड्डाणांचे इंधन वाचवतो, म्हणून तिथे परवडते.

आपल्या राज्यात ४०० हर्ट्झशी जुनी ओळख असलेले गाव म्हणजे नाशिकजवळचे ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ मध्ये स्थापन झाला आणि मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. मिग-२१ ची मूळ वीज २८ व्होल्ट एकदिश होती. तिच्यावर फिरते परिवर्तक चालवून घूर्णींसाठी ३६ व्होल्टची त्रिकला आणि इतर उपकरणांसाठी ११५ व्होल्टची वीज काढत. व्होल्ट अमेरिकेहून निराळे, पण वारंवारता तीच ४००. राजकारणात दोन टोकांना असलेल्या देशांचे या आकड्यावर एकमत होते ही गंमतच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ही विमाने हवाई दलातून निवृत्त झाली.

जुन्या मालाच्या बाजारात विमानातून काढलेली सुबक, जड बोटभर रोहित्रे कधी कधी मिळतात. शाळेसाठी कोणी आणलीच तर ती घरच्या विजेला लावू नयेत. पाटीवर ११५ किंवा २०० व्होल्ट असले तरी तो आकडा ४०० हर्ट्झसाठी आहे. ५० हर्ट्झला गाभ्यावर आठपट अभिवाहाची सक्ती होते, लोखंड क्षणात संपृक्त होते आणि वेटोळे जळते. वारंवारतेचा प्रयोग करून दाखवायचा असेल तर निरुपद्रवी मार्ग आहे. डीपीच्या कुंपणाबाहेर उभे राहून मोबाईलवरील ध्वनिविश्लेषकाने तिची गुणगुण तपासा. ५० नव्हे, १०० हर्ट्झचा सूर ठळक दिसेल, कारण लोखंड चुंबकित होताना एका आवर्तनात दोनदा ताणले जाते. विमानातले रोहित्र याच न्यायाने ८०० हर्ट्झवर गाते.

विमानात एकदिश विजेची गरज संपलेली नाही. संगणक, बॅटरी, नियंत्रक उपकरणे २८ व्होल्ट मागतात. त्यासाठी एक रोहित्र दोन दुय्यम वेटोळ्यांचे करतात, एक तारा जोडणीचे, दुसरे त्रिकोण जोडणीचे. दोहोंच्या लहरी ३० अंशांनी मागेपुढे असतात. त्या रेक्टिफायरमधून काढल्या की एका आवर्तनात बारा लहान उंचवटे मिळतात, सेकंदाला ४८००. हे उंचवटे सपाट करायचे काम प्रवर्तकाचे, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या गाभ्याचे. जमिनीवर सेकंदाला १०० उंचवटे सपाट करायला जेवढे प्रवर्तकत्व लागेल त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात इथे तोच विरोध मिळतो. या प्रवर्तकाच्या गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवतात. सतत एका दिशेने वाहणारा प्रवाह अखंड गाभ्याला लगेच संपृक्त करील. फट असली की तो तग धरतो. त्यात साठणारी ऊर्जा मुख्यतः लोखंडात नव्हे तर त्या फटीतल्या हवेत असते, हे ऐकून विद्यार्थी चमकतात.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली ती एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाने. त्याची वीज पाहण्यासारखी आहे, कारण तिथे स्थिरवेग जोडणीला चक्क फाटा दिला आहे. पंख्याच्या दंतचक्रपेटीवरच २० केव्हीएची जनित्रे बसवलेली असतात. पंखा ७० टक्के वेगाने फिरला की ३४१ हर्ट्झ आणि पूर्ण वेगाने, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, ४८८ हर्ट्झ. मोकाट सोडलेल्या या वारंवारतेवर पंख्याच्या पात्यांचे व काचेचे बर्फ वितळवणारे तापक आणि तेलदाबाचे पंप चालतात. तापकाला वारंवारतेचे सोयरसुतक नसते. ज्या उपकरणांना नेमके ४०० हवेत त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक इन्व्हर्टर निराळे ठेवले आहेत.

अशा विजेवर रोहित्र चालवायचे तर अभिकल्प करणाऱ्याला दोन टोके सांभाळावी लागतात. ४०० ला २ टेस्लापर्यंत नेलेला गाभा ३४१ ला २.३ च्या पुढे ढकलला जाईल, म्हणजे संपृक्त होईल. म्हणून आकार सर्वांत कमी वारंवारतेवर ठरवायचा आणि उष्णता सर्वांत जास्त वारंवारतेवर तपासायची. वजन थोडे वाढते, पण तेलाची ती नाजूक, सतत देखभाल मागणारी जोडणी वाचते. मोठ्या विमानांनीही पुढे हाच रस्ता धरला. २००५ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-३८० मध्ये वारंवारता सुमारे ३७० ते ७७० हर्ट्झमध्ये फिरते, तर डिसेंबर २००९ मध्ये उडालेल्या बोइंग ७८७ मध्ये ३६० ते ८००. साठ वर्षे प्रमाण मानलेला ४०० हा आकडा असा नव्या विमानांच्या जनित्रांतून बाहेर पडत चालला आहे.

७८७ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली. प्रवाशांसाठी हवा दाबण्याचे काम इंजिनाऐवजी विजेच्या मोटारींकडे आले, म्हणून दाब ११५ वरून २३५ व्होल्टवर नेला. त्यातून अधिक-उणे २७० व्होल्ट एकदिश वीज काढतात. तिथले रोहित्र एकाच वेटोळ्याला मधून फाटे काढलेले, स्वरोहित्र असते. शक्तीचा काही भागच चुंबकीय मार्गाने जातो, बाकीचा तारेतून थेट, त्यामुळे गाभा लहान चालतो.

इथे १८८९ मधला एक नियम आडवा येतो. फ्रिड्रिश पाशेनने दाखवले होते की हवा विरळ केली की ठिणगी कमी व्होल्टला पडू लागते. मात्र ३२७ व्होल्टच्या खाली, हवा कितीही विरळ असो, ती पडतच नाही. जुन्या यंत्रणेत दोन कलांमधील २०० व्होल्टची शिखरे २८३ व्होल्टची होती, नियमाच्या आत सुरक्षित. २३५ व्होल्टचे शिखर येते ३३२ वर. सीमा जेमतेम पाच व्होल्टने ओलांडली जाते. आणि अधिक-उणे २७० च्या दोन टोकांत ५४० व्होल्टचे अंतर असते. जमिनीवर ज्या निरोधकात काही वर्षे काहीही घडले नसते, तिथे बारा किलोमीटर उंचीवर वॉर्निशमध्ये राहून गेलेल्या एखाद्या बुडबुड्यात सूक्ष्म विसर्जन सुरू होते आणि ते निरोधक आतून पोखरत जाते. म्हणून आता ही रोहित्रे आणि प्रवर्तक तपासताना त्यांना कमी दाबाच्या पेटीत ठेवून पूर्ण व्होल्ट देतात आणि अशा एकेका विसर्जनाची चाहूल घेत बसतात.